एकच कुलूप दोनदा

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात जाळ्याच्या साधनांची नोंद राखण्यासाठी ‘आरटीएनएल’ नावाचे एक कुलूप असते. ज्याने ते लावले त्यानेच पुन्हा लावू पाहिले, तर तो स्वतःचीच वाट पाहत खोळंबतो आणि त्याच्यामागे नोंदीत फेरफार करू पाहणारे सारेच अडकतात!

यास्तव एकाच कामाची दोन रूपे केलेली आहेत. ‘रजिस्टर नेटडेव्ह’ स्वतः कुलूप घेते. ‘रजिस्टर नेटडिव्हाइस’ ते आधीच घेतले आहे असे धरून चालते. कुलूप हाती असता दुसरेच वापरावे. नावे इतकी जुळी ठेवण्यात शहाणपण कोणते, हा प्रश्न निराळा. २००६ साली आलेला ‘लॉकडेप’ हा पहारेकरी असली चूक पकडतो; मात्र गाभा बांधताना त्याला मुद्दाम नेमावे लागते.