जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मधुमेह्याचे मूत्रपिंड
(मार्कंडा येथील पालक सभेत दिलेले भाषण)



गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत माझ्या अब्बांचे पाय सुजू लागले. त्यांची शुगर दहा-बारा वर्षांची जुनी. कोणाच्या तरी सांगण्यावरून ते ताकदीच्या गोळ्या घेत होते, आणि गुडघ्यांसाठी दुखणे थांबविणाऱ्या गोळ्याही. लघवीला फेस येतो हे त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. घरात बी. एड. झालेला मुलगा, पण मलाही विचारण्याचे सुचले नाही!

मूत्रपिंड ही रक्ताची चाळणी आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने ती सैल होते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. त्या वेळी काहीच दुखत नाही, हीच खरी अडचण.

मग जीवनसत्त्वांनी हे थांबेल काय? प्रश्न वेडगळ नाही. पाकिस्तानात लाहोर येथे 40 मधुमेही रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना रोज 300 मिलिग्रॅम ब-1 तीन महिने दिले, तेव्हा लघवीतील अल्ब्युमिन कमी झाले. ही माहिती 2009 साली प्रसिद्ध झाली. आपण धान पिकविणारे लोक, म्हणून हे आपल्या कामाचे. ब-1 तांदळाच्या कोंड्यात असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र केला की ते निघून जाते. धान उकडून कांडले तर ते दाण्यात मुरते. भात पसावला की पुन्हा काही पेजेबरोबर जाते. पण 40 रुग्ण आणि तीन महिने एवढ्यावरून मूत्रपिंड वाचते असे म्हणता येत नाही.

उलट अनुभवही ऐका. कॅनडात 238 मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडे आधीच बिघडलेली होती. त्यांपैकी काहींना फॉलिक ॲसिड, ब-6 आणि ब-12 मोठ्या मात्रेत दिले. 2010 साली निष्कर्ष आला: गोळ्या घेणाऱ्यांचीच मूत्रपिंडे अधिक वेगाने खालावली, हृदयविकार आणि पक्षाघातही त्यांच्यातच जास्त. ‘जास्तीचे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते’ असे आपण वर्गात शिकवतो. चाळणीच बिघडली तर ते जाणार कोठून? ड जीवनसत्त्वाचीही अमेरिकेत 1,312 मधुमेह्यांवर पाच वर्षे परीक्षा झाली. 2019 साली उत्तर आले, मूत्रपिंडाला फायदा नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-12 कमी पडू शकते. हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून डॉक्टर देतील तेवढेच घ्यावे.

मूत्रपिंड राखतात ती साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणारी औषधे. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी औषधाच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आजोबांना एवढेच विचारा, लघवीला फेस येतो काय? लाजू नका. अब्बांना मी हे विचारले तेव्हा ते आधी रागावले, मग हळूच म्हणाले, “येतो तर!”