सावली आणि वस्तू : प्रक्षेपाचा अर्थ

(व्याख्यानाचा मजकूर)



सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाच्या कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जतन केला आहे. पांढरा पडदा, त्यामागे दिवा आणि दोहोंच्या मध्ये बाहुली, एवढीच या खेळाची मुख्य सामग्री. बाहुली पडद्याला टेकवून धरली म्हणजे तिची आकृती रेखीव उमटते. ती दिव्याकडे सरकवली म्हणजे छाया मोठी होते, परंतु तिची कड पुसट होते. प्रेक्षकांना दिसते ती बाहुली नव्हे, तर प्रकाशाने पडद्यावर टाकलेली तिची छाया होय. यालाच शास्त्रात 'प्रक्षेप' म्हणतात. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. प्रक्षेप म्हणजे पुढे फेकणे.

प्रत्येक प्रक्षेपात तीन गोष्टी असतात : किरणांचा उगम, वस्तू आणि पडदा. यांपैकी एकीची जागा बदलली तरी वस्तू तीच राहून छाया बदलते. ही साधी गोष्ट शाळेच्या वर्गापासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

प्रथम वर्गातील प्रोजेक्टर पाहू. यात छोट्या चित्रातून गेलेला प्रकाश भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर पसरतो. यंत्र पडद्यापासून दुप्पट दूर नेले तर चित्राची लांबी व उंची दुप्पट होते, म्हणजेच क्षेत्रफळ चौपट होते. प्रकाश मात्र तेवढाच असल्यामुळे चित्राचा उजळपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. यंत्र तिरपे ठेवले तर चौकोनी चित्र एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद दिसते. येथे दोष चित्राचा नसून मांडणीचा असतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष करून दाखवण्यासारखे आहे.

पडद्यावरील चलच्चित्र आणि शरीराचे क्ष-किरण चित्र ही दोन्ही जगापुढे जवळजवळ एकाच वेळी आली. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. त्यानंतर सहाच दिवसांनी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी आपल्या चित्रपटांचा जाहीर खेळ केला. तो खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचला. रॉन्टगेन यांना १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

क्ष-किरण चित्र हे नेहमीच्या अर्थाने छायाचित्र नव्हे. ती खरोखरीची छाया आहे. हाडे किरणांना पुष्कळ अडवतात, म्हणून ती पांढरी दिसतात. फुप्फुसांतील हवा फारशी अडवत नाही, म्हणून तो भाग काळा दिसतो. मात्र समोरचे व मागचे सारे अवयव एकाच पृष्ठावर एकमेकांवर पडतात आणि खोली नाहीशी होते.

याचा प्रत्यय घरच्या घरी घेता येतो. नाण्याची सपाट बाजू दिव्याकडे केली तर भिंतीवर गोल छाया पडते; तेच नाणे कडेवर फिरवले तर केवळ एक रेघ उमटते. दोन्ही छाया खऱ्या, परंतु एकटी कोणतीही पुरी नव्हे.

समजा, माडावरून पडून एखाद्याचे मनगट दुखावले. दवाखान्यात एक चित्र समोरून घेतले जाते आणि हात वळवून दुसरे बाजूने घेतले जाते. पुष्कळदा रुग्णाचे नातेवाईक म्हणतात, "एक फोटो झाला, आता दुसरा कशाला? उगाच खर्च." परंतु समोरून सरळ दिसणाऱ्या हाडाची भेग किंवा सरकलेले टोक बाजूच्या चित्रातच उघड होऊ शकते. दुसरे चित्र नाकारून हाड वाकडे जुळले तर कष्टकऱ्याचा हात कायमचा अधू होण्याचा संभव असतो. काटकोनातील दोन चित्रे ही चैन नसून आवश्यकता आहे.

छातीच्या चित्रातही बाहुलीच्या खेळाचाच नियम दिसतो. रुग्णाला छाती फिल्मला टेकवून उभे करतात आणि किरण पाठीकडून सोडतात. हृदय छातीच्या पुढील भागात असल्याने अशा मांडणीत त्याची छाया फारशी फुगत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे चित्र समोरून घ्यावे लागते. त्यात निरोगी हृदयही मोठे भासू शकते. म्हणून चित्र कोणत्या बाजूने घेतले याची नोंद डॉक्टर आधी पाहतात.

छाया रोगाचे नाव सांगत नाही, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. फुप्फुसावरील डाग क्षयाचा असेल, जुन्या बऱ्या झालेल्या विकाराचा असेल किंवा अन्य आजाराचाही असेल. निश्चितीसाठी बेडक्याची तपासणी करावी लागते. सरकारी आरोग्य केंद्रांतून ही तपासणी व क्षयावरील औषधे विनामूल्य मिळतात.

एका छायेत हरवलेली खोली अनेक छायांतून परत मिळवता येते. ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्ये याचे गणित मांडले. पुढे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले. तेच आजचे सीटी स्कॅन. त्यात शरीराभोवती फिरून असंख्य प्रक्षेप घेतले जातात आणि संगणक त्यांवरून आतील काप जुळवतो. या कार्यासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात किरणांची मात्रा साध्या चित्रापेक्षा पुष्कळ अधिक असते. सबब हा तपास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. गर्भवती स्त्रीने तर कोणत्याही क्ष-किरण तपासणीपूर्वी आपली अवस्था आवर्जून सांगावी.

शेवटी, शरीर स्वतःही प्रक्षेप करीत असते. हृदयाकडून आणि डाव्या हाताकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास एकाच पातळीवर पोहोचतात. त्यामुळे दुखणे हृदयाचे असूनही मेंदू ते हातावर, जबड्यावर किंवा पोटाच्या वरच्या भागावर टाकतो. घरची मंडळी हात चोळतात, ओव्याची पूड देतात आणि अमूल्य वेळ निघून जातो. छातीत दाब, घाम, धाप आणि त्यासोबत हात वा जबडा दुखणे अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे वेदनेची जागा ही छायेची जागा आहे. मूळ दुखणे अन्यत्र असू शकते.

पडद्यावर असो, फिल्मवर असो वा शरीरावर असो, छाया खोटी नसते. ती अपुरी असते. किरण कोठून आले, वस्तू कोठे होती आणि पडदा कसा होता, एवढे विचारूनच तिचा अर्थ लावावा. डॉक्टरांनी दुसरे चित्र सांगितले तर ते याच विचाराने सांगितलेले असते, हे गावोगावच्या शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोकांना समजावून द्यावे.