शेवटचं कडवं

आम्ही बजाजनगरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्यातली कुणी बीडची, कुणी जालन्याची, कुणी परभणीची. मालकांना वाळूजच्या कंपनीत काम लागलं, म्हणून आम्ही इथं आलो. गावं सुटली, पण गाणी बरोबर आली. आज बोलायचंय ते गाण्यांबद्दलच.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत हळद होती. आम्ही सात-आठ जणी हळदीची गाणी म्हणायला बसलो. दुसरं गाणं संपायच्या आत मांडवाबाहेर डीजे सुरू झाला. छातीत धडधड, पाळण्यातलं लेकरू दचकून रडायला लागलं. आमच्यातल्या एक आत्या उठल्या आणि पोरांना म्हणाल्या, "बंद करा हे! आपल्या गाण्याचा गळा दाबला तुम्ही." नवरदेवाचा चुलतभाऊ हसून म्हणाला, "आत्या, हे पण आपलंच आहे. आवाज तरी ओळखा."

आम्ही कान दिला. गाणं होतं 'पोश्टर गर्ल' पिक्चरमधलं, 2016 चं, डीजेला आवाज वाढवायला सांगणारं. गाणारे आनंद शिंदे आणि आदर्श शिंदे, म्हणजे बाप-लेक. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. मग मात्र आत्या खाली बसल्या. कारण प्रल्हाद शिंदे म्हणजे त्यांचं दैवत!

आमच्याकडे नगर रोडला छोटं पंढरपूर आहे. आषाढीला तिथं रांग लागते तेव्हा भोंग्यावर प्रल्हाद शिंदे असतात. 14 एप्रिलला चौकात निळे झेंडे लागतात तेव्हाही तेच, आणि गणपतीतही तेच. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, सत्यनारायणाची कथा, कव्वाली, सगळं एकाच गळ्यातून. लहानपणी आई-वडिलांबरोबर भजन-कीर्तनात गाणारं पोर पुढं कव्वालीच्या मंचावर तयार झालं. 2004 साली ते गेले. 'दुनियादारी' पिक्चरमध्ये 2013 साली देवाच्या गाभाऱ्याचं गाणं वाजलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, "हा तर प्रल्हाददादांचा गळा!" गळा नातवाचा, आदर्शचा होता. मधली पिढी आनंद आणि मिलिंद शिंदे यांची. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं कॅसेटच्या जमान्यात कुठल्या एसटी स्टँडवर ऐकलं नाही, असं कुणी सांगावं!

पण घराण्याचा गळा उतरला, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्या रात्री आम्हाला कळलं की गाण्याची घडणच तीच आहे. जुनी गायन पार्टी आठवा. मधोमध मुख्य गायक, पेटी, ढोलकी, बँजो, आणि मागं टाळ्या वाजवून साथ देणारा कोरस. गायक आधी ठेक्याशिवाय, उंच स्वरात एक ओळ सोडायचा. मैदान गप्प व्हायचं. मग एकदम ढोलकी पडायची आणि माणसं जागच्या जागी हलायची. मुखडा पुन्हा पुन्हा यायचा, कोरस तो उचलायचा. तिसऱ्या वेळेला शेवटच्या रांगेतल्या बाईलाही तो पाठ. समोरच्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून गाण्यानंच स्वतःला लक्षात ठेवायला लावायचं होतं. आता डीजेचं गाणं ऐका. आधी एकटा आवाज, मग क्षणभर शांतता, मग धाडकन ठेका. टाळ्या मशीनच्या, ढोलकी मशीनची, पण पडते त्याच जागी. (डीजेचा आवाज आम्हाला सोसवत नाही तो नाहीच. ते भांडण वेगळं.)

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल गावच्या चार पोरांची बीटल्स नावाची पार्टी होती. 1970 साली ती मोडली. पण 2024 साली अमेरिकेतल्या बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेनं त्यांचं 1968 सालचं गाणं चार कृष्णवर्णीय गायिकांना सोबत घेऊन पुन्हा गायलं. मुळात ते गाणं करताना अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा हक्कांचा लढा डोळ्यासमोर होता, असं ते रचणाऱ्या पॉल मॅककार्टनी यांनी सांगितलेलं आहे. आणि बीटल्स स्वतः घडले ते काळ्या गायकांची गाणी ऐकून. त्या गाण्याच्या मुळाशी सिस्टर रोझेटा थार्प नावाची बाई होती. चर्चची गाणी ती विजेच्या गिटारवर वाजवायची. 1973 साली ती वारली, आणि कित्येक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

इथं आम्ही थांबलो. ठेका पुढं जातो, नाव मागं राहतं.

वामनदादा कर्डकांचं बघा. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी रचली. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायची त्यांची रीत. जनाबाईनंही तेच केलं होतं, म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला जनी माहीत आहे. आता मिरवणुकीत गाणं लागतं तेव्हा नीट ऐका. मुखडा वाजतो, एक कडवं वाजतं, की लगेच पुढचं गाणं. शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी जातच नाही. म्हणजे नाव बरोबर तिथंच कापलं जातं. पोरं मुद्दाम करत नाहीत, पण होतं तसंच.

आमच्या बाबतीतही तेच झालं. पाण्याच्या टँकरवर आम्ही एक गाणं रचलं होतं. चाल आमच्यातल्याच एका मैत्रिणीची, माजलगावकडची. एका कार्यक्रमात कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. सहा महिन्यांनी तेच गाणं संगीत लावून आलं, नाव भलत्याचंच. आम्ही फोन केला तर उत्तर मिळालं, "हे पारंपरिक आहे, लोकगीत आहे." मैत्रीण म्हणाली, "म्हणजे मी मेले असं समजायचं का?"

नाव जपणारी माणसंही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहून ठेवलं. बाबासाहेबांवरच्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. मोबाईल तरी वाईटच कसा म्हणावा? आपल्याच शहरातल्या कडुबाई खरात यांना एका एकतारीवर महाराष्ट्रभर पोचवलं ते मोबाईलनंच, आणि त्यांच्या नावासकट.

तर आम्ही आता असं केलंय. टँकरच्या गाण्यात मैत्रिणीचं नाव शेवटी न ठेवता मुखड्याच्या लगेच पुढच्या ओळीत घातलंय. ते कापलं तर ठेकाच मोडतो. चाल बसवायला चार संध्याकाळी गेल्या, पोरांनी ढोलकी धरली. हळदीतला तो चुलतभाऊ म्हणतो, डीजेवर पण लावू. आत्या म्हणाल्या, "लाव, पण हळदीची गाणी झाल्यावर."

पुढच्या वेळी तुमच्या गटाचं गाणं घेऊन या. कुणी रचलं ते आधी सांगा, मग गा.