जेवढा पुरावा, तेवढंच वाक्य

(पुणतांबा येथे तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एकानं लिहिलेला कोड दुसरा तपासतो, शेरे मारतो, गरज पडली तर परत पाठवतो. त्यात कुणी अपमान मानत नाही. विकिपीडियाही असाच चालतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे कुणीही लिहू शकतो आणि आपण लिहिलेलं कुणीही बदलू शकतो. "माझं वाक्य का काढलं?" हे भांडण तिथूनच सुरू होतं.

याच गावातली दोन उदाहरणं घेऊ. पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. ते १४०० वर्षे जगले असं परंपरा सांगते. ज्ञानकोशात मात्र "१४०० वर्षे जगले अशी आख्यायिका आहे" असं लिहायचं आणि ती कुठल्या ग्रंथात आली आहे ते तळाशी द्यायचं. आपल्या दर्ग्यातल्या वलींच्या करामतींनाही हाच नियम. दुसऱ्यांच्या श्रद्धेला एक फूटपट्टी आणि आपल्या श्रद्धेला दुसरी, हे चालणार नाही.

दुसरं उदाहरण १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचं. त्याची हाक याच गावातून गेली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी तो डोळ्यांनी पाहिला असेल. तरी "आमचे अब्बा तिथे होते" हा विकिपीडियावर संदर्भ होत नाही. अब्बा खोटं बोलतात असं कुणी म्हणत नाही. पण नागपूरच्या किंवा लंडनच्या वाचकाला त्यांना गाठून विचारता येत नाही. त्या दिवसाचं वर्तमानपत्र मात्र काढून बघता येतं. म्हणून अशा आठवणी आधी मुलाखती घेऊन कुठेतरी छापून आणा.

आता ज्या नावासाठी आपल्यापैकी अनेकजण भांडलो, त्या नावाकडे येतो. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलनं फातिमा शेख यांचं डूडल केलं. ९ जानेवारी २०२५ रोजी पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की हे पात्र आपणच रचलं. आपल्याला राग आला, तो येणारच. पण उत्तर मिळालं ते एका जुन्या पत्रात. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण तिथे नसल्यानं तिला त्रास पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, असा त्याचा आशय. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात हे पत्र आहे आणि तो ग्रंथ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ साली काढला. म्हणजे समाजमाध्यमं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

पण या पत्रातून नेमकं काय कळतं? सावित्रीबाईंना भरवशाची वाटणारी फातिमा नावाची सोबतीण होती, हे कळतं. तिची जन्मतारीख त्यात नाही. "पहिल्या मुस्लीम शिक्षिका" हेही त्यात नाही. या गोष्टी लिहायच्या तर त्यांना वेगळा पुरावा लागतो. इंटरनेटवर शंभर ठिकाणी ९ जानेवारी ही तारीख दिसेल, पण शंभर लेख एकमेकांवरून उतरवलेले असतील तर तो एकच संदर्भ झाला. कधी वर्तमानपत्र विकिपीडियावरून माहिती उचलतं आणि तेच कात्रण पुन्हा विकिपीडियावर पुरावा म्हणून लागतं. हदीसच्या अभ्यासात सनद तपासतात: कुणी कुणाकडून ऐकलं, साखळी कुठे तुटली. ती नजर इथे वापरा.

कुणी म्हणेल, आधीच इतिहासात आपली माणसं सापडत नाहीत आणि तुम्ही अजून कापायला सांगता? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरात कागद नव्हते, दफ्तर नव्हतं, त्यांच्यावर हा नियम जड पडतो. बायकांवर तर जास्तच. पण फुगवलेलं वाक्य त्यांचंच नुकसान करतं. एक तारीख कच्ची निघाली की अख्खं माणूसच खोटं ठरवणं सोपं होतं. जेवढा पुरावा, तेवढंच वाक्य लिहिलं तर ते कुणाला पुसता येत नाही.

आता वागण्याबद्दल. तुमचं वाक्य कुणी काढलं, तर आधी लेखाचा इतिहास उघडून कारण वाचा. मग चर्चा पानावर संदर्भासह लिहा, खाली सही करा आणि उत्तराची वाट बघा. समोरच्याचं नाव पाहून त्याचा धर्म, जात, हेतू काढत बसू नका. बोलायचं ते वाक्याबद्दल, माणसाबद्दल नाही. समोरच्यानं तुमचा धर्म काढला, तर तिथेच उलट शिवी न देता तो दुवा प्रचालकांना दाखवा. मित्रांची फौज बोलावू नका. तिथे डोकी मोजत नाहीत. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर बंदी येऊ शकते, मग तुमचं म्हणणं खरं का असेना. आणि आपल्या स्वतःच्या संघटनेवर आपणच लेख लिहू नये.

घरी गेल्यावर एक काम करा. मराठी विकिपीडियावर फातिमा शेख यांचा लेख उघडा आणि प्रत्येक वाक्याचा संदर्भ तपासा. जिथे नसेल तिथे "संदर्भ हवा" अशी खूण लावा. मग वाचनालयात जाऊन तो संदर्भ शोधा. खूण लावणारा आणि संदर्भ आणून देणारा एकच माणूस असला, तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.