मध्यम विद्यार्थी आणि संशोधन



परवा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. हातात गुणपत्रिका, गुण शेकडा ५४. म्हणाला, "सर, सुट्टीत संशोधनाचे काम करावेसे वाटते, पण एवढ्या गुणांवर मला दारात उभे कोण करणार?" वडील म्हणाले, "ते हुशार मुलांचे काम. याने आधी गुण मिळवावेत."

वडिलांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते आणि मुलाची ओढही खोटी नव्हती. आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली.

१८३१ साली केंब्रिजचा एक विद्यार्थी ऑनर्स न घेता साधी पदवी घेऊन बाहेर पडला. त्याआधी एडिंबरोचे वैद्यकाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले होते. मात्र भुंगेरे गोळा करण्याचा त्याला विलक्षण नाद होता. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक हेन्स्लो यांच्याबरोबर तो इतका हिंडे की, तीच त्याची ओळख होऊन बसली. त्या उन्हाळ्यात भूशास्त्रज्ञ सेज्विक यांच्याबरोबर तो वेल्समधील खडक पाहत फिरला. घरी परतला, तो हेन्स्लोंचे पत्र येऊन पडलेले! 'बीगल' जहाजावर एक निसर्गाभ्यासक हवा होता. वडिलांनी प्रथम नकारच दिला; पुढे मामांनी त्यांची समजूत घातली. हा विद्यार्थी म्हणजे चार्ल्स डार्विन. हेन्स्लोंनी शिफारस केली ती त्याच्या क्रमांकाची नव्हे, तर स्वतः पाहिलेल्या त्याच्या कामाची.

आज आपल्या देशातील विज्ञान अकादमी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती देतात. तेथे गुण पाहतात, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्जही आदल्या हिवाळ्यातच करावे लागतात. वैशाखात जाग येऊन उपयोग नाही. पण त्या अर्जाबरोबर आपल्याला काय करावयाचे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते आणि आपल्याला ओळखणाऱ्या अध्यापकांचे पत्र लागते. या दोन गोष्टी गुणपत्रिकेतून मिळत नाहीत. त्या वर्षभरात कमवाव्या लागतात.

म्हणून एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना धाडू नये. एकच निवडावा, त्यांचा एखादा लेख वाचावा, काय समजले व कोठे अडले ते दहा ओळींत लिहावे. उत्तर न आल्यास पुन्हा एकदा नम्रपणे लिहावे, मग दुसऱ्याकडे वळावे. आणि काम मिळेपर्यंत काम थांबवू नये.

त्या मुलाला आम्ही म्हटले, "गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी दर रविवारी मोज. तारीख घालून वहीत लिही. पाऊस पडल्यावर कोणती विहीर आधी भरते आणि का, हे विचारायला भूगर्भशास्त्राच्या अध्यापकांकडे जा. गुणपत्रिका मागाहून दाखव, वही आधी."

मुलगा गप्प होता. वडीलच हळूच म्हणाले, "मोजायला दोराला गाठी मारल्या तर चालेल का? मग पहिली विहीर आमच्याच मळ्यातली धरू."

मंडळी, संशोधनाचा आरंभ झाला होता.