भाड्याच्या खोल्या आणि आयुष्याची शिल्लक

आयुष्याची शिल्लक चार खोल्यांत घालावी आणि भाड्यावर निश्चिंत बसावें, ही मध्यम वर्गाची जुनी समजूत. मुंबईच्या चाळींनीं तिची कसोटी घेतली. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें बहुतेक जुन्या खोल्यांचें भाडें सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें. भाडेकरूंस आसरा मिळाला. परंतु लांकूड, चुना व मजुरी महागत गेली, भाडें मात्र जागचें हललें नाहीं. मालकांनीं दुरुस्ती टाळली, जिने खचले आणि आंत राहणाऱ्यांचेच जीव धोक्यांत आले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू होऊन दरसाल शेंकडा चार वाढीस मुभा मिळाली. म्हणून घर भाड्यानें देऊं इच्छिणाऱ्या श्रोत्यांनीं आधीं कायद्याची कलमें वाचावीं आणि मिळकतीचा कांहीं भाग दुरुस्तीसाठीं दरमहा बाजूस काढावा.