कोलेस्टेरॉलवरील औषधे : तक्रार दडवू नका, गोळी परस्पर सोडू नका

(कल्याण तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाच्या माहिती खात्यातला एक नोकर, एवढीच माझी पात्रता. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण असे की, हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच तो सांगण्याचा आणि ऐकून घेण्याचा आहे.

प्रथम माझाच अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. मधुमेह आधीपासून होताच. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी घेण्यास सांगितले. महिनाभरात डोंबिवली स्थानकाचा जिना चढताना पोटऱ्या भरून येऊ लागल्या. सकाळच्या जलद लोकलमध्ये सहजच विषय निघाला. एक सहप्रवासी म्हणाले, "ही गोळी स्नायू खाते." दुसऱ्यांनी आपल्या मेहुण्याची साक्ष काढली. गाडीतून उतरेपर्यंत माझा निर्णय झाला होता. त्या रात्रीपासून गोळी बंद केली. डॉक्टरांना मात्र कळवले नाही.

तीन महिने गोळी बंद होती, पण पोटऱ्यांचे दुखणे काही थांबले नाही. अखेर संकोच सोडून डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासल्यावर थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्याचे निष्पन्न झाले. या विकाराने स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. त्यावर उपचार झाले, दुखणे ओसरले, आणि गोळी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात हृदयाला जे संरक्षण मिळावयाचे, ते मात्र मी ऐकीव माहितीवर गमावले होते.

आता दुसरी बाजू पाहा. ठाण्यातील माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक हीच गोळी काही वर्षे बिनतक्रार घेत होते. घशाच्या विकारासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले. चालू औषधे कोणती, हे कोणी विचारले नाही आणि यांनीही सांगितले नाही. काही दिवसांत मांड्या व खांदे असे दुखू लागले की खुर्चीवरून उठवेना. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली. वयोमानाचे दुखणे समजून घरच्यांनी दोन दिवस काढले. नंतर रुग्णालयात दाखल करावे लागले. झिजलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडावर भार पडला होता. उपचार वेळेत मिळाले म्हणून ते बरे झाले.

माझी तक्रार गोळीमुळे नव्हती. गुरुजींची मात्र औषधांच्या एकत्र येण्यामुळेच होती. पाहणाऱ्याला दोन्ही दुखणी सुरुवातीला सारखीच वाटली असती. हा भेद लोकलच्या डब्यात करता येत नाही, चावडीवरही करता येत नाही. तो तपासणीनेच होतो.

ही गोळी काय करते?

या औषधांच्या गटाला स्टॅटिन म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशी व सूक्ष्मजीव तपासून १९७३ साली या गटातील पहिले द्रव्य शोधले. प्रत्यक्ष रुग्णांसाठीचे पहिले स्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया ही औषधे मंदावतात. त्यामुळे यकृत रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि रक्तवाहिन्यांत ते साचण्याचा वेग कमी होतो.

याचा लाभ किती? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन देशांतील पाहणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. निम्म्यांना स्टॅटिन व निम्म्यांना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ जण मरण पावले, तर औषध घेणाऱ्यांत १८२. या आकड्यांमागे तितकी कुटुंबे आहेत, हे विसरू नये. आपल्या देशात तर हा प्रश्न मोठाच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे २४ टक्क्यांत कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले.

तक्रारींचे खरे स्वरूप

मग अंगदुखीच्या तक्रारी खोट्या समजाव्यात काय? मुळीच नाही. २०२२ साली सुमारे १ लाख २४ हजार व्यक्तींवरील १९ चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या त्रासाची तक्रार केली; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण २६.६ टक्के होते. पहिल्या वर्षात मात्र औषधामुळे दर हजारी सुमारे ११ जणांना जादा त्रास झाला. म्हणजे औषधामुळे त्रास होतो, हे खरे. पण प्रत्येक दुखण्याला औषधच कारण असते, हे खरे नव्हे.

इंग्लंडमधील २०२० सालची एक पाहणी अधिक बोलकी आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने औषध, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून देण्यात आले. गोळी कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्रासाचे सरासरी गुण गोळी नसताना ८, नुसत्या गोळीने १५.४ आणि स्टॅटिनने १६.३ असे भरले. म्हणजे बहुतेक त्रास गोळी घेतल्याच्या धास्तीने उद्भवला होता. तरीही तो त्रास त्या माणसांनी सोसलाच होता. "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून रुग्णाला वाटेला लावले, तर तो गोळीही सोडतो आणि डॉक्टरही सोडतो. हे निष्कर्ष समोर ठेवून समजावल्यावर त्या ६० पैकी निम्म्या रुग्णांनी औषध पुन्हा सुरू केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

गंभीर अपाय विरळा असला तरी तो होतो. याच गटातील सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या घातक नाशामुळे २००१ साली जगभरच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. रुग्णांच्या तक्रारींची नोंद झाली, म्हणूनच तो धोका उघडकीस आला. यांखेरीज, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील काहींची रक्तशर्करा या औषधांनी किंचित वाढते. गर्भवती स्त्रियांनी व गर्भधारणेचा विचार असणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना तसे आधीच सांगणे आवश्यक आहे.

आपण काय करावे?

दुखणे सुरू झाल्यास ते कधी, कुठे व किती, याची वहीत नोंद करावी. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, त्यांत काढे व आयुर्वेदिक औषधेही आली, प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टर रक्ताची तपासणी करून मात्रा कमी करू शकतात, त्याच गटातील दुसरे औषध देऊ शकतात किंवा अन्य उपाय सुचवू शकतात. मात्र तीव्र अशक्तपणा आणि गडद रंगाची लघवी ही लक्षणे दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आपल्या भागात आहेत.

दुष्परिणामाची नोंद करण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांना आहे, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. २०१० साली केंद्र शासनाने औषध-दक्षता कार्यक्रम सुरू केला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही. तसा संशय पुरेसा असतो.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व आरोग्य उपकेंद्राच्या फलकावर ठळकपणे लिहून घ्यावा. शिक्षकांनी पालकसभेत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची यादी मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतली, तरी एक मोठे काम होईल. आशा भगिनींनी घरोघरी जाताना "गोळी चालू आहे ना?" एवढेच न विचारता "गोळीने काही त्रास होतो का?" असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस भीतीने "हो" म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाला तो खरे उत्तर देतो.

माझ्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर माझे तीन महिने वाचले असते. गुरुजींना विचारला असता, तर त्यांचे रुग्णालय टळले असते. आपल्या गावात तो विचारला जाईल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.